पावण्यांचा गूळ

दिवाळी सरली की कोल्हापुरात एक गोडसर, जरा करपट वास यायला लागतो. शहरात तो आपला आपण येत नाही. कागलकडून, मुरगूडकडून येणाऱ्या माणसांच्या कपड्यांना चिकटून येतो. एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या पदराला असतो, पहिल्या तासाला उशिरा आलेल्या विद्यार्थ्याच्या स्वेटरला असतो. गुऱ्हाळं सुरू झाली, असं म्हणून लोक खूश होतात. मी खिडकीपाशी जाऊन उगाच बाहेर बघते. काहीतरी आपल्यापासून लपवलं जातंय, असं मला त्या वासानं वाटायला लागतं. वासाचा यात काही दोष नाही. काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामानं लावलेली ही खोड आहे आणि ती आता जाईल असं दिसत नाही.

मी रसायनशास्त्र शिकवते. आमच्या महाविद्यालयात रसायनाची प्रयोगशाळा तळमजल्यावर आणि मराठी विभाग दुसऱ्या मजल्यावर. मधे एक जिना, पण तो चढून कुणी कुणाकडे जात नसे. मराठीचे शिंत्रे सर तो उतरून एका दुपारी माझ्याकडे आले. मूळचे गडहिंग्लजचे. बोलीभाषेतले शब्द गोळा करायचा त्यांना नाद. खिशात छोटं ध्वनिमुद्रण यंत्र, आणि समोरचा माणूस काय म्हणतोय यापेक्षा तो ते कोणत्या शब्दात म्हणतोय याकडे लक्ष.

"मॅडम, उकळता पाक मोजता येतो का?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय मोजायचंय?"

"किती तापलाय ते. गूळ करणाऱ्या माणसाकडं पाकाच्या प्रत्येक अवस्थेला वेगळा शब्द आहे. मला बघायचंय, तो शब्द उच्चारतो तेव्हा पाक दर वेळी तेवढाच तापलेला असतो का."

मला तो प्रश्न फार आवडला. इतकी वर्षं मी मुलांना उत्कलनबिंदू शिकवत होते, पण तापमापकावरच्या आकड्याला आणि माणसाच्या तोंडच्या शब्दाला शेजारी बसवून बघावं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मुरगूडच्या पलीकडे एका गावात शिंत्रेंच्या ओळखीचं गुऱ्हाळ होतं. गावाचं नाव मी तेव्हाही छापलं नाही, आताही सांगत नाही. तिथले गुळवे दत्तूमामा. गुळव्या म्हणजे काहिलीतला, त्या भल्यामोठ्या कढईतला, रस नेमका कधी गूळ व्हायला आला हे ओळखणारा माणूस. गुऱ्हाळात शेवटचा शब्द त्याचा. दत्तूमामा साठीचे, बारके, भुवया वाफेनं पांढऱ्या पडल्यासारख्या. बोलणं कमी. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत तापमापक होता आणि झाकणाच्या काचेच्या बाटल्या होत्या.

"बसा की पावणं," ते म्हणाले. "ह्या बाटल्या कशाला?"

"नमुने घ्यायला. प्रयोगशाळेत तपासायला."

"तपासायला," त्यांनी माझाच शब्द परत म्हटला आणि काहिलीकडे वळले.

त्या हंगामात आम्ही बऱ्याचदा गेलो. काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं धडधडत असायची. रस उकळायला लागला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी त्यात घालायचे. त्यानं मळी वर यायची आणि ती झाऱ्यानं काढून टाकायची. मग रस आटत जाई, बुडबुडे मोठे होत, आवाज जाड होई. दत्तूमामा काहिलीच्या कडेला उभे राहून नुसते बघत. मधेच बोटं पाण्यात बुडवून पाकाचा थेंब उचलत, पाण्यात त्याची गोळी करत आणि ती पत्र्यावर आपटून कान देत. एका क्षणी म्हणत, "आला." तो शब्द पडला की चौघे जण काहील उचलून पाक वाफ्यात, म्हणजे गार करायच्या उथळ हौदात, ओतायला धावत. मी दर वेळी तापमापक बघितला. एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक. कधी तोही नाही. मी आकडा लिहायची आणि पुन्हा एकदा बघायची.

मी एकदा सरळ विचारलं होतं, "मामा, यात काही घालता का?"

"घालतो की. भेंडी."

ते खोटं नव्हतं. मी तसं वहीत लिहून घेतलं.

शिंत्रेंचं यंत्र सारखं चालू असे. गूळ वाफ्यात पडला की माणसं सैल व्हायची, चेष्टा करायची. एकदा त्यातला एक जण म्हणाला, "आज पावण्यांचा गूळ हाय," आणि सगळे हसले. दत्तूमामाही हसले. मग आमच्या हातावर गरम गुळाचे खडे आले. शिंत्रेंनी परतीच्या एसटीत तो शब्द वहीत उतरवला: 'पावण्यांचा गूळ – वाफ्यातला पहिला गूळ, जो पाहुण्यांना मानानं दिला जातो.' किती सुंदर प्रथा, असं आम्ही दोघंही म्हणालो.

उन्हाळ्यात आम्ही शोधनिबंध लिहिला. अर्धा त्यांचा, अर्धा माझा. शब्दांची यादी, प्रत्येक शब्दापुढं तापमान, नमुन्यांची तपासणी. निष्कर्ष असा की डोळ्याचं आणि कानाचं हे ज्ञान तापमापकाइतकं काटेकोर आहे, आणि या कसबामुळंच या गुऱ्हाळातला गूळ कुठल्याही रासायनिक पावडरीशिवाय तयार होतो. हे दुसरं वाक्य माझं होतं. माझ्या बाटल्यांत पावडरीचा अंशही सापडला नव्हता.

रसायनाच्या नियतकालिकानं लेख आठ दिवसांत परत पाठवला. हे रसायन नाही, शब्दकोश आहे. भाषेच्या नियतकालिकानं चार महिने ठेवून घेतला आणि कळवलं, हा भाषेचा अभ्यास नाही, यात तक्ते फार आहेत. ज्याला दोन घरं असतात त्याला जेवायला कुणीच बोलवत नाही, असं शिंत्रे म्हणाले. शेवटी आम्ही एका तिसऱ्याकडे पाठवला. आम्ही सर्व विद्याशाखांचं स्वागत करतो, असं त्यांच्या मुखपृष्ठावर होतं. त्यांनी तो दोन परीक्षकांकडे दिला.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. शोधनिबंध छापण्याआधी त्याच विषयातली जाणती माणसं तो वाचून मत देतात. लेखकाला त्यांची नावं कळत नाहीत. त्यामागचा हेतू चांगला आहे. ओळखदेख, भीडभाड आड येऊ नये. पण नाव झाकलं की दुसरंच काही सुरू होतं. वाचणारा मत वाचत नाही, हस्ताक्षर शोधायला लागतो.

दोन मतं आली. पहिला परीक्षक उघडच रसायनाचा. त्यानं लिहिलं होतं, शब्दांच्या भागावर मला काही म्हणायचं नाही, तो माझा प्रांत नाही. मात्र तुमच्या नमुन्यांचा रंग या भागातून बाजारात येणाऱ्या गुळापेक्षा बराच गडद आहे. तो का, याचं उत्तर द्या. दुसरा समाजशास्त्राचा असावा. त्याला तक्त्यांबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्यानं विचारलं होतं, लेखक हातात बाटल्या घेऊन गेले होते. त्या दिवशी गुऱ्हाळातलं काम रोजच्यासारखंच झालं, हे त्यांना कशावरून कळलं?

आज ही दोन वाक्यं मी शेजारी शेजारी ठेवून वाचते. त्या दिवशी ती मला दोन वेगळ्या कुचकट शेऱ्यांसारखी वाटली. एक रसायनाच्या फायलीत गेला, एक शिंत्रेंच्या. आणि पहिला शेरा कुणाचा हे मी तेव्हाच ओळखलं. म्हणजे ओळखलं असं मला वाटलं.

आमच्या विभागात वाडकर सर सगळ्यांत ज्येष्ठ. गूळ खायचा असतो, छापायचा नसतो, असं ते स्टाफरूममध्ये हसत म्हणाले होते. माझ्या बाटल्या प्रयोगशाळेत मांडलेल्या असताना एक उजेडात धरून त्यांनी "फारच काळा दिसतोय" असं म्हटलेलं मला आठवत होतं. रंगाबद्दल दुसरं कोण विचारणार? मी त्यांच्याबरोबर चहाला जायचं बंद केलं. ते प्रयोगशाळेत आले की मी वही मिटायची. त्यांनी साधं "कसं चाललंय?" विचारलं तरी मला त्यात दुसरा अर्थ ऐकू येई. एका माणसाबद्दल शंका धरली की तो जे करतो ते पुरावा होतं आणि जे करत नाही तेही पुरावाच होतं. वर्षभर मी अशी वागले.

परीक्षकांना आम्ही उत्तरं दिली. हुशारीनं दिली, हे कबूल करायला हवं. पहिल्याला लिहिलं, जमिनीचा आणि उसाच्या जातीचा फरक असावा. दुसऱ्याला लिहिलं, आम्ही पुष्कळ दिवस तिथं घालवले आहेत, त्या माणसांचा विश्वास संपादन केला आहे. दोन्ही परीक्षकांचं आपापल्यापुरतं समाधान झालं. लेख स्वीकारल्याचं पत्र आलं. शिंत्रे खाली प्रयोगशाळेत पेढे घेऊन आले. त्यांच्या बढतीची मुलाखत दोन महिन्यांवर होती आणि त्यांना याच लेखाची गरज होती.

पेढ्याचा बॉक्स घेऊन मी वाडकर सरांकडे गेले. ते ब्युरेट धूत होते. खरं तर मला पेढा द्यायचा नव्हता, टोचायचं होतं.

"सर, लेख स्वीकारला. तुमच्या शेऱ्यासकट," मी म्हणाले.

ते वळले. "माझा कसला शेरा?"

"रंगाबद्दलचा. नमुने काळे आहेत हा."

त्यांनी नळ बंद केला, हात पुसले. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "म्हणून वर्षभर तोंड फिरवून जाता व्हय तुम्ही? मॅडम, मला लिहायचं असतं तर तुमच्या टेबलावर आणून ठेवलं असतं. आणि मी न्हाई लिहिलं म्हणून प्रश्न चुकीचा ठरतोय का? तुम्ही स्वतः बाजारात गूळ घेता. कसल्या रंगाचा घेता?"

"पिवळा," मी म्हणाले.

"मग?"

पेढा घेऊन त्यांनी तो तोंडात टाकला आणि पुन्हा ब्युरेट धुवायला लागले.

शिमगा होऊन गेला होता. हंगाम सरत आला होता. पुढच्या रविवारी मी एकटीच एसटीनं गेले. शिंत्रेंना सांगितलं नाही. हातात पर्सशिवाय काही नव्हतं. गुऱ्हाळावर कुणी माझी वाट बघत नव्हतं. दुपारची वेळ, वाफ्यात नुकताच गूळ पडला होता आणि तो पिवळाधमक होता. हळद कालवल्यासारखा. काहिलीच्या मागं एक पत्र्याचा डबा उघडाच होता. त्यातली पांढरी पावडर मला ओळखायला बाटली लागणार नव्हती. उग्र वास होता. हायड्रोस, रंग उडवायला घालतात ते.

दत्तूमामांनी मला पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. डबा झाकायला कुणी उठलं नाही.

"आज बाटल्या न्हाईत?" ते म्हणाले.

"नाहीत."

"मग बसा."

मी बसले आणि विचारलं, "मामा, आम्ही यायचो तेव्हा पावडर घालत नव्हता?"

"न्हाय."

"का?"

"बाटल्या घेऊन येणारी माणसं मागनं नोटिशीचा कागद घेऊन येत्यात. तुमी कशी हाय हे मला काय ठावं? काळा गूळ आडतीत कुणी हातात धरत न्हाय, पिवळा लागतो. मग घालाय लागतंय. तुमी आला की आमी नुसत्या भेंडीवर काढायचो. तुमचा गूळ झाला, तुमी गेला, की दुसरी काहील आमची."

"मी विचारलं होतं तुम्हाला, काही घालता का म्हणून."

"त्या दिवशी घालत हुतो तेच सांगितलं की," ते म्हणाले. "बाकीच्या दिवसाचं तुमी इचारलं कुठं?"

त्यांच्या बोलण्यात खोडसाळपणा नव्हता. जे झालं ते सांगत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, त्याच नजरेनं मी वाडकर सरांकडे वर्षभर बघत होते. फरक इतकाच की त्यांच्या शंकेला कारण होतं.

सोमवारी मी जिना चढून शिंत्रेंकडे गेले. सगळं सांगितलं आणि म्हणाले, लेख मागं घ्यायला हवा.

त्यांची गडहिंग्लजची बोली वर आली. "मॅडम, तापमान खोटं हाय काय? न्हाय. माझे शब्द खोटे हायत? तेबी न्हाईत. एक वाक्य चुकलं तुमचं. त्यासाठी माझी बढती घालवायची?"

"ते वाक्य निष्कर्षात आहे, सर."

"मग ते काढा आणि गप बसा. कुणाला कळतंय?"

"दोघांना कळलं होतं," मी म्हणाले. "एकाला अर्धं आणि दुसऱ्याला अर्धं."

ते उठून वर्गावर निघून गेले. दोन दिवस बोलले नाहीत. मला त्यांची बाजू समजत होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, कदाचित जास्त मोठ्यानं.

तिसऱ्या दिवशी ते खाली आले. हातात यंत्र होतं. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवून चालू केलं. चुलवाणाचा आवाज, पाक ओतल्याचा आवाज, आणि मग तो माणूस: आज पावण्यांचा गूळ हाय. त्यामागून हसणं. शिंत्रेंनी ते हसणं मला तीनदा ऐकवलं.

"मानानं देताना माणसं अशी हसत न्हाईत," ते म्हणाले. "मी शब्द ऐकला, हसणं ऐकलंच न्हाई. पावण्यांचा गूळ म्हणजे पावण्यांना दाखवायपुरता काढलेला. नुसतं तुमचंच वाक्य चुकलं नव्हतं. माझाबी शब्द चुकला होता."

मागं घेण्याचं पत्र त्यांनीच लिहिलं, माझ्याहून चांगलं. संपादकांचं दोन ओळींचं उत्तर आलं. मी त्यांना आणखी एक गोष्ट विचारली होती: त्या दोन परीक्षकांनी एकमेकांची मतं वाचली होती का? वाचली असती तर काळा रंग आणि हातातल्या बाटल्या त्यांनी नक्की जोडल्या असत्या. उत्तर आलं, तशी आमच्याकडे पद्धत नाही. परीक्षकांनी परस्परांचा प्रभाव टाळावा अशी अपेक्षा असते.

शिंत्रेंची बढती दोन वर्षं लांबली. त्यांनी ते मला कधी बोलून दाखवलं नाही, आणि त्यामुळं मी ते कधी विसरले नाही. वाडकर सर निवृत्त झाले त्या समारंभात मी त्यांची माफी मागितली. "कशाबद्दल?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "ते होय," ते म्हणाले आणि शेजारच्यांशी त्यांच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलायला लागले. क्षमा केली की खरंच विसरले, मला कळलं नाही. पहिला परीक्षक कोण होता, हेही आजवर कळलेलं नाही. भेटला तर त्याला मी चहा पाजेन. पण तोपर्यंत प्रत्येक परिषदेत एखाद्या रसायनवाल्याकडे बघून मला वाटतं, हाच असेल.

पुढं आम्ही तोच लेख नव्यानं लिहिला. बघणारा माणूस आला की काम कसं बदलतं, हाच आता विषय होता. माणसांची नावं काढली, गाव काढलं. आणि पाठवण्याआधी दत्तूमामांना वाचून दाखवला, शिंत्रेंनी त्यांच्याच बोलीत. ते डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी थांबवलं. "गोळी पत्र्यावर आपटून आवाज घेतो म्हणून लिवलंय ते बरोबर. पर मी आवाजावर ठरवत न्हाय. ते नुसतं बाकीच्यास्नी सांगाय. माझं आधीच ठरल्यालं असतंय, वासावर." मी आवाजाच्या त्या भागावर सहा पानं लिहिली होती. कुणाही परीक्षकानं ती कापली नसती.

गेल्या तीन वर्षांपासून आम्ही दोघं एक छोटं नियतकालिक चालवतो. दोन विषयांच्या मधोमध पडणाऱ्या लेखांसाठी. नियम थोडेच. परीक्षक दोन, वेगवेगळ्या विद्याशाखांचे, आणि नावानिशी. त्यांनी आधी आपापलं मत लिहायचं, मग एकमेकांचं वाचायचं आणि फोनवर बोलायचं. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यापैकी कुणीतरी लेख ऐकलेला असला पाहिजे. पुष्कळ जण नकार देतात. नाव दिलं तर खरं लिहिता येणार नाही, म्हणतात. त्यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. नवखा परीक्षक एखाद्या वजनदार माणसाच्या लेखावर सही करून टीका लिहील का? अशा वेळी आम्ही नाव झाकतोही. माझा आमच्या स्वतःच्या पद्धतीवरही पूर्ण विश्वास नाही.

या हंगामाच्या सुरुवातीला एक लेख आला. राधानगरीच्या जंगलाकडची माणसं झाडापाल्यावरून पावसाचा अंदाज कसा बांधतात, त्यावर. एक परीक्षक हवामानाचे, पुण्याचे. दुसऱ्या लोकसाहित्याच्या बाई, सांगलीच्या. फोनवर मीही होते. पहिली दहा मिनिटं दोघंही एकमेकांशी फार अदबीनं बोलत होते, म्हणजे एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. मग बाईंनी विचारलं, "सर, हे आकडे मला कळत नाहीत. तुम्हाला पटतात का?"

"आकडे पटतात," ते म्हणाले. "पण हा अंदाज त्या लोकांनी पावसाआधी सांगितला की पाऊस पडून गेल्यावर, हे मला लेखात कुठं दिसत नाही. मला वाटलं तुमच्या शास्त्रात ते चालत असेल."

"अजिबात चालत नाही. मला वाटलं तुमच्यात चालत असेल."

दोघांनी मिळून लेखकांना एकच प्रश्न पाठवला. लेखक पुन्हा डोंगरात गेले, माणसांना भेटले, आणि लेख परत आला तो एक तृतीयांश कमी होऊन. शिंत्रेंनी परवा तो माझ्या टेबलाशी बसून वाचून काढला.

"आता खरं वाटतंय," ते म्हणाले.

"वाटतंय ना," मी म्हणाले. "मग उद्या परत एकदा वाचू."